महापौरांच्या दालनातल्या खुर्च्या मोजता, मग कागदही मोजा

प्रति,
राज्यातील सर्व 29 महानगरपालिकांचे मा. आयुक्त, मा. नगरसचिव (मुंबईत मा. चिटणीस) आणि मा. महापौर

विषय : महापौर कार्यालयाच्या अभिलेखांचा ताबा, सूची आणि डिजिटल जतन

महोदय, महोदया,

महापौरांची मुदत संपते तेव्हा दालनातला सोफा, खुर्च्या, कपाटे, संगणक, अगदी भिंतीवरचे घड्याळसुद्धा मोजले जाते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात क्रमांक टाकलेला असतो. जडवस्तू संग्रह नोंदवही उघडून एकेका वस्तूसमोर खूण केली जाते आणि एक खुर्ची कमी भरली तरी लेखापरीक्षणात शेरा येतो. त्याच कपाटांतल्या फायलींची मात्र यादी होत नाही. काही नगरसचिवांकडे जातात, काही स्वीय सहायकाच्या टेबलाखाली राहतात, काही ‘साहेबांचे खासगी’ म्हणून टेम्पोतून घरी जातात. उरलेल्या पुढच्या रंगरंगोटीच्या वेळी रद्दीत जातात.

हे पत्र आत्ता लिहिण्याचे कारण आहे. काही महानगरपालिकांत 2020 पासून आणि बहुतेकांत 2022 पासून महापौर नव्हते, प्रशासक होते. त्या मधल्या काळात आधीच्या दालनांतले कागद कोणाच्या ताब्यात होते, याचे लेखी उत्तर कोणत्याही महानगरपालिकेने स्वतःहून जाहीर केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर आता दालने पुन्हा भरली आहेत. महापौरपदाची मुदत अडीच वर्षे, म्हणजे पुढचे हस्तांतर 2028 मध्ये. तयारीला हातात असलेला वेळ एवढाच.

आम्ही अभिलेखांचे सूचीकरण आणि डिजिटल जतन या कामातले लोक आहोत. आमचा यातला संबंध सरळ आहे. आज जे हरवते ते दहा वर्षांनी ‘शोधून द्या’ म्हणून आमच्याचसमोर येते, आणि तेव्हा नाही म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही.

एक आक्षेप आधीच निकालात काढू. ‘महापौरांना अधिकार तरी काय? कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे आणि ठराव तर इतिवृत्तात आहेतच.’ ठराव आहेत, हे खरे. पण ठराव म्हणजे शेवटचे पान. विषय कार्यपत्रिकेवर कोणाच्या पत्रामुळे आला, किती वेळा पुढे ढकलला गेला, तहकुबी सूचना कोणत्या कारणाने नाकारली, हरकतीच्या मुद्द्यावर महापौरांनी काय निर्णय दिला, समसमान मते पडल्यावर निर्णायक मत कुठे टाकले, आयुक्तांना लिहिलेल्या पत्राला उत्तर आले की ते दप्तरी दाखल झाले, हे सगळे दालनातल्या नस्त्यांत असते. भगिनी शहरांचा पत्रव्यवहार तिथेच. मुंबई-योकोहामा हे नाते 1965 चे आणि पुणे-सॅन होजे 1992 चे. महापौर निधीचे अर्ज तिथे, पाहुण्यांची अभिप्राय वही तिथे, शहरावर पूर किंवा साथ आली तेव्हाच्या बैठकांची टिपणेही तिथेच.

महापौर निवडीचा कागद किती मोलाचा असतो हे चंडीगडने दाखवले. 30 जानेवारी 2024 च्या निवडणुकीत 8 मते बाद ठरवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका आणि चित्रीकरण उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांच्या (रजिस्ट्रार जनरल) ताब्यात ठेवायला लावले, नंतर ते स्वतः तपासले आणि 20 फेब्रुवारीला निकाल फिरवला. कागद आणि व्हिडिओ दोन्ही जागेवर होते म्हणून हे घडू शकले.

आता तक्रारी.

पहिली, ताब्याची. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे अभिलेख निर्माण करणाऱ्या कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमलेला असायला हवा. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4(1)(क) सांगते की अभिलेख सूचीबद्ध करून, निर्देशांकासह ठेवा आणि संगणकीकरणाजोगे असतील ते वाजवी मुदतीत संगणकावर आणा. लिपिकाची बदली झाली तर त्याला कार्यभार यादी करून द्यावी लागते. महापौर निवडून आलेले, त्यामुळे त्यांना ही यादी कोणी मागत नाही, आणि स्वीय सहायक मूळ खात्यात परत गेला की दालनातल्या फायलींना वालीच उरत नाही. न्यूयॉर्कचे महापौर रुडी जुलियानी यांनी 2001 च्या अखेरीस पद सोडताना आपल्या कारकिर्दीची कागदपत्रे एका खासगी संस्थेच्या हवाली करण्याचा करार केला, तेव्हा तिथल्या इतिहासकारांनी आणि अभिलेखतज्ज्ञांनी मोठा गदारोळ केला होता. आपल्याकडे तसा करारही लागत नाही, टेम्पो पुरतो.

दुसरी तक्रार मोठी आहे, कारण तिच्यावर पैसे खर्च होतात आणि तरीही हाती काही लागत नाही. स्कॅन केले म्हणजे जतन झाले, हा समज. निविदा पानामागे दराने निघते. ज्याला पानामागे पैसे मिळतात तो पाने वेगाने ओढतो. 200 डीपीआय (इंचामागे ठिपके), फक्त काळे-पांढरे, पानाला पन्नास-साठ केबी. अशा स्कॅनमध्ये टाइप केलेला मजकूर वाचता येतो, पण हिरव्या शाईतला अधिकाऱ्याचा शेरा आणि निळ्या शाईतला महापौरांचा शेरा दोन्ही काळेच दिसतात. लाल पेन्सिलची रेघ तुटक होते, फिकट शिक्का तर गायब. टिप्पणी कोणी कुठे थांबवली हे रंगावरून कळते, आणि नेमका तो रंगच आपण फेकून देतो.

याच कामात नेहमी होणाऱ्या आणखी चुका : टॅग न काढता फाइल काचेवर दाबल्याने डावीकडचा समास सावलीत जातो. पाठकोरी समजून पानाची मागची बाजू सोडली जाते, आणि शेरा नेमका तिथेच असतो. घडी घातलेला नकाशा न उलगडता त्याची फक्त वरची घडी स्कॅन होते. कार्बन कॉपीचा पातळ कागद ऑटो फीडरमध्ये घातला की चुरगळतो किंवा दोन पाने एकदम जातात. टिप्पणी बाजू आणि पत्रव्यवहार बाजू एकाच पीडीएफमध्ये सरमिसळ होतात. फाइलचे नाव ‘स्कॅन 0001’. फॅक्सचे जुने थर्मल कागद तर सगळ्यांत शेवटी घेतले जातात, खरे तर ते पहिल्या दिवशी घ्यायला हवेत, कारण ते रोज थोडे थोडे पुसट होत असतात.

कसे हवे ते सांगतो. टाइप केलेली आणि छापील पाने 300 डीपीआय, फिकट हस्ताक्षर आणि कार्बन कॉपी 400, छायाचित्रे 600. सगळे 24 बिट रंगीत, कोऱ्या दिसणाऱ्या पाठीसह. जुने, ठिसूळ कागद आणि बांधीव वह्या वरून टिपणाऱ्या स्कॅनरवर, फीडरमधून नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, कागद फाटतो. चपट्या पट्टीने अलगद उचला. सेलोटेपची पाने वेगळी काढा. मूळ प्रत टिफ या चित्र-स्वरूपात, आणि वाचकांसाठी तीवरून केलेली पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ.

‘एवढी जागा कुठून आणायची?’ असे लगेच विचारले जाते. हिशोब करू. ए-फोर आकाराचे एक पान 300 डीपीआयला रंगीत, न दाबता, सुमारे 26 एमबी होते. एका महापौराच्या अडीच वर्षांच्या 200 नस्त्या धरल्या आणि प्रत्येकी 150 पाने, तर 30,000 पाने होतात. म्हणजे 780 जीबी. तीन प्रती ठेवल्या तरी अडीच टीबीच्या आत. हे सगळे आज दुकानात मिळणाऱ्या एका साध्या हार्ड डिस्कवर मावते. अडचण जागेची नाही. यादी करणारा माणूस नेमलेला नाही, ही अडचण आहे.

तपासणीही कंत्राटदारानेच करायची, असे बहुतेक कार्यादेशांत असते. ते बंद करा. स्कॅन करणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाने दर गठ्ठ्यातली किमान 10 टक्के पाने मूळ कागदाशेजारी ठेवून पाहावीत. पानांची संख्या स्कॅनिंगच्या आधीच पेन्सिलने प्रत्येक पानावर टाकलेली असावी, म्हणजे सुटलेले पान लपत नाही. शंभरात एकापेक्षा जास्त पान सदोष निघाले तर पूर्ण गठ्ठा परत. देयक त्यानंतर.

आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-256 चेकसम काढून यादीत लिहा. हा 64 अक्षरांचा ठसा आहे. फाइलमधला एक बिट बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. वर्षातून एकदा पुन्हा काढून जुन्याशी ताडून पाहिला की कोणती फाइल खराब झाली किंवा कोणी बदलली हे कळते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रातही आता हा ठसा लिहावा लागतो. म्हणजे उद्या कोर्टाने कागद मागितला तर निम्मे काम झालेले असेल. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद मात्र नष्ट करू नका. सहा गठ्ठे या दप्तर लावण्याच्या पद्धतीत ‘ड’ गठ्ठा, म्हणजे नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठा, रिकामा करण्याची घाई मोहिमांच्या काळात फार होते, आणि महापौर कार्यालयाचे पत्र ‘किरकोळ पत्रव्यवहार’ म्हणून त्यात सहज सरकते.

तिसरी तक्रार कोणी करत नाही, कारण ती दिसत नाही. फॉन्टची. 1990 च्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षे कार्यपत्रिका, इतिवृत्ते, महापौरांची भाषणे आणि पत्रे श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप झाली. त्या फाइली आज उघडल्या की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण त्या फॉन्टांत कोड अक्षराचा नव्हता, अक्षराच्या तुकड्याचा होता. फॉन्ट असलेला शेवटचा संगणक भंगारात गेला की मजकूरही गेला. काही सॉफ्टवेअर डोंगलशिवाय (संगणकाला लावायच्या परवाना-किल्लीशिवाय) सुरूच होत नाहीत, आणि तो डोंगल कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे हे निवृत्त झालेल्या टंकलेखकालाच माहीत असते.

आता कोणी म्हणेल, जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरसंकेतात आणणारे कन्व्हर्टर आहेत की. आहेत, पण डोळे झाकून वापरता येत नाहीत. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. हे उलटसुलट झाले की ‘महानगरपालिका’चे ‘महानगरपािलका’ होते. डोळ्यांना ते कळते, शोधयंत्राला नाही. ‘महानगरपालिका’ शोधा, तो ठराव सापडणारच नाही. ‘ॲम्ब्युलन्स’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आला 2008 मध्ये. त्याआधीचा मजकूर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेला, त्यामुळे दिसायला एकच आणि शोधायला दोन. ‘ठराव क्र. १२५’ आणि ‘ठराव क्र. 125’ यांचेही तसेच. म्हणून तीन गोष्टी एकत्र ठेवा : मूळ फाइल जशी आहे तशी, फॉन्ट असलेल्या संगणकावर फॉन्ट अंतर्भूत करून काढलेली पीडीएफ/ए, आणि युनिकोड मजकूर. शोधासाठी आकडे आणि ‘ॲ’ एकसारखे करायचे ते निर्देशांकात करा, मूळ मजकुराला हात लावू नका. पेजमेकर या जुन्या पानमांडणी सॉफ्टवेअरच्या फाइलींना सगळ्यांत आधी हात घाला. त्या उघडणारी यंत्रे कमी कमी होत चालली आहेत. ओसीआरवर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर, फार विसंबू नका. स्वच्छ छापील मराठी ते बरे वाचते. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावरच्या तुटक जोडाक्षरांत अडखळते, आणि हस्ताक्षरात तर नगरसचिवांच्या कार्यालयातला जुना लिपिकच बरा.

चौथी, फोनमधल्या कारभाराची. आजचा महापौर पत्र कमी लिहितो, व्हॉट्सॲपवर सूचना जास्त देतो. प्रभाग अधिकाऱ्यांचा ग्रुप, आपत्तीच्या रात्रीचा ग्रुप, खासगी जीमेलवरून गेलेले मेल. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांवर लावलेली असेल तर मुदत संपेपर्यंत थांबायचीही गरज नाही. चॅट निर्यात करण्यालाही मर्यादा आहे, ठरावीक संख्येमागचे संदेश येतच नाहीत. म्हणून वर्षाअखेर नाही, दर तीन महिन्यांनी निर्यात करा. मेल छापून फायलीला लावू नका. एमबॉक्स किंवा ईएमएल या मेल साठवण्याच्या स्वरूपात, जोडपत्रांसह घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 7 हेच सांगते : इलेक्ट्रॉनिक अभिलेख मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात, कोणाकडून कोणाकडे आणि केव्हा गेला या तपशिलासह जपायचा. संकेतस्थळावरचे ‘महापौरांचे मनोगत’ पान नवे महापौर आले की पुसून त्यावर नवे लिहिले जाते. ते आधी वॉर्क (WARC) या संकेतस्थळे जतन करण्याच्या स्वरूपात उतरवून ठेवा. सभेचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मूळ चित्रीकरण तुमच्याकडे हवे.

पाचवी, सूचीची. बहुतेक सूच्यांत स्थळ म्हणून प्रभाग क्रमांक लिहिला जातो. प्रभागरचना बदलली की तो क्रमांक निरर्थक. 2012 चा प्रभाग 17 आणि 2017 चा प्रभाग 17 ही एकच वस्ती असेलच असे नाही. त्यासोबत पेठ किंवा गावठाणाचे नाव आणि नगर भूमापन क्रमांक लिहा. रस्त्यांची, चौकांची आणि शहरांचीही नावे बदलतात. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर. सूचीत दोन्ही नावे एकमेकांना जोडलेली हवीत, जुने नाव पुसायचे नाही.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. डीव्हीडीवर लिहून कपाटात ठेवलेला संग्रह हा संग्रह नव्हे. हार्ड डिस्क वर्षानुवर्षे बंद ठेवली की पुन्हा चालू होईलच असे नाही. एलटीओ टेप (डेटा साठवायची चुंबकीय फीत) चांगली, पण एलटीओ-9 चे यंत्र फक्त एलटीओ-8 पर्यंतच मागे वाचते, हे खरेदीच्या वेळीच लक्षात घ्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या शहरात. मंत्रालयाला 21 जून 2012 ला लागलेली आग आणि कोल्हापूर-सांगलीचा 2019 चा पूर विसरण्याइतके जुने झालेले नाहीत. तरीही अभिलेख कक्ष तळमजल्यावरच का असतो, हे कोडे आहे.

खासगी माहितीचे कारण पुढे करून सगळेच बंद ठेवू नका. महापौर निधीच्या अर्जांत रुग्णांचे अहवाल, आधारच्या प्रती, मोबाइल क्रमांक असतात. ते जपायचे, पण दाखवायचे नाहीत. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये संशोधन आणि अभिलेख जतनासाठी अटींसह सूट आहे. जाहीर प्रतीत नावे झाकताना पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढू नका, खालचा मजकूर कॉपी करता येतो. झाकलेल्या पानाची नवी प्रतिमा करा.

मागण्या अशा :

1. महापौर कार्यालयासाठी नावानिशी अभिलेख अधिकारी नेमा आणि आदेश संकेतस्थळावर लावा. मुदत 30 दिवस.

2. आज दालनात, नगरसचिव कार्यालयात आणि माजी महापौरांच्या ताब्यात काय आहे याची नस्तीनिहाय यादी 90 दिवसांत करा. माजी महापौरांना आदराने पत्र लिहा. घरी गेलेले कागद परत आणणे हा हेतू आहे, खटले भरणे नाही. मूळ द्यायचे नसेल तर स्कॅन करू द्यावेत.

3. यादी होईपर्यंत महापौर कार्यालयाचा एकही कागद ‘ड’ वर्गात टाकू नका.

4. स्कॅनिंगची निविदा वर दिलेल्या मोजमापांवर काढा, पानामागच्या दरात तपासणी आणि सूचीकरणाचा खर्च वेगळा दाखवा. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, पण सगळ्या फाइली आणि सूची सीएसव्हीसह (कोणत्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या तक्त्यासह) कधीही बाहेर काढता येतील ही अट घाला. देखभाल करार संपल्यावर आपलाच डेटा सोडवून घेण्यासाठी कंत्राटदाराच्या दारात उभे राहण्याची वेळ येऊ नये. पुण्याच्या सी-डॅकने अभिलेख जतनासाठी ‘डिजिटालय’ ही प्रणाली तयार केली आहे. राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्श्राव्य संग्रहाला 2017 मध्ये विश्वासार्ह डिजिटल संग्रहाचे आयएसओ 16363 प्रमाणपत्र मिळाले ते तिच्याच आधारावर. नवे काही शोधून काढण्याआधी तिकडे एक चक्कर मारा.

5. जुन्या फॉन्टांचे संगणक आणि डोंगल निर्लेखित करण्यापूर्वी (भंगारात काढण्यापूर्वी) त्यांवरच्या फाइली काढून घ्या. निर्लेखनाच्या नस्तीत तसा दाखला बंधनकारक करा.

6. महापौरांच्या शेवटच्या दिवशी जडवस्तू नोंदवहीबरोबर अभिलेखांच्या यादीवरही सही घ्या. देणारे महापौर, घेणारे नगरसचिव, तारीख आणि वेळ.

7. दर वर्षी एका सर्वसाधारण सभेत कोणत्याही नगरसेवकाने सांगितलेला एक जुना कागद दुसऱ्या शहरातल्या प्रतीवरून सभागृहातच उघडून दाखवा आणि त्याचा चेकसम जुळतो का ते इतिवृत्तात नोंदवा.

या पत्राचे उत्तर खासगीत नको. उत्तर, अभिलेख अधिकाऱ्याचे नाव आणि यादी तिन्ही संकेतस्थळावर टाका, आम्ही तिथे पाहू.

कळावे.

आपले,
अभिलेख सूचीकरण आणि डिजिटल जतनाच्या कामातले काही जण